छप्पन प्लेटा आणि एक ‘ळ’

सुरतेत कोणी ‘आपले प्रिंटिंगचे काम आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कागद येत नाही, कापड येते. पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिला, रंगाचे पिंप, साड्यांची थप्पी. शहरातल्याच लिंबायत भागात मात्र या शब्दाला दुसराही अर्थ आहे. उधन्याहून जळगावकडे निघणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि शाळेत मराठी असा त्यांचा भाषांचा दिवस असतो. त्यांच्यासाठी छापणारे लहान छापखाने याच वस्तीच्या आसऱ्याने चालतात. लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तके, कापड व्यापाऱ्यांची बिलबुके, साडीच्या खोक्यावरची लेबले ही त्यांची रोजची कामे.

या यादीत सरकारचे मराठी काम असायला हवे. ते तिथवर पोचण्याची वाट फार अरुंद आहे.

सरकारचे मराठी काम सुरतेत असणारच, कारण सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू. देशात अशा महापालिका हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील, आणि सुरतेने त्याचा अभिमान बाळगावा हे योग्यच आहे. या शाळांतली पाठ्यपुस्तके गांधीनगरच्या गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळाकडून येतात. १९६९ साली स्थापन झालेले हे मंडळ गुजरातीबरोबर मराठी माध्यमाचीही पुस्तके काढते. पुस्तकांखेरीज प्रगतिपत्रके, हजेरीपट, पालकांना द्यायच्या सूचना, लसीकरणाची पत्रके, पावसाळ्यातली इशारापत्रके, घरपट्टीबद्दलची माहिती असा किती तरी मजकूर लिंबायतच्या माणसापर्यंत त्याला कळेल अशा भाषेत जायला हवा.

‘महाराष्ट्रातून पुस्तके मागवा की’ असे पुण्या-मुंबईचा वाचक सहज म्हणेल. नवापूर स्टेशन सुरतेपासून काही तासांवर आहे, त्याच्या फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे, तेव्हा बालभारतीची, म्हणजे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, पुस्तके पलीकडून इकडे आणायला कितीसा वेळ लागणार? पण अभ्यासक्रम वेगळा आहे. लिंबायतचा मुलगा गुजरात राज्याचा विद्यार्थी आहे. त्याचे परिसराचे, गणिताचे, विज्ञानाचे पुस्तक गुजरातच्या रचनेप्रमाणे हवे, फक्त मराठीत. शिवाय २०२३ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांमध्ये पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा झाला आहे, तेव्हा त्याच्या दप्तरात दोन लिप्या शेजारी शेजारी असतात. हे पुस्तक महाराष्ट्र छापणार नाही. ते गुजरातलाच छापावे लागते, आणि ते थोड्याच प्रतींत लागते. अडचण या ‘थोड्या प्रतीं’पासून सुरू होते.

छापखान्यातला हिशेब एकदा नीट समजून घेतला पाहिजे. समजा, एक पाठ्यपुस्तक ११२ पानांचे आहे. मोठ्या कागदावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ अशी सोळा पाने बसतात. याला फर्मा म्हणतात. ११२ पानांचे सात फर्मे झाले. पुस्तक चार रंगांत असेल तर दर बाजूला रंगागणिक एक, अशा प्रत्येक फर्म्याच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ प्लेटा लागतात. सात आठे छप्पन. मुखपृष्ठ वेगळे. आता याच पुस्तकाच्या सातशे प्रती काढायच्या असोत की एक लाख, प्लेटा छप्पनच. सातशे प्रतींच्या कामात साडेबारा पुस्तकांमागे एक प्लेट पडते. लाखाच्या कामात एका प्लेटेचा खर्च जवळपास अठराशे पुस्तकांवर वाटला जातो.

कागदाचे गणितही असेच आहे. सातशे प्रतींना ४,९०० कागद लागतात, म्हणजे दहा रीमसुद्धा नाही. पण रंग जुळेपर्यंत, शाई बसेपर्यंत प्रत्येक फर्म्याला काही कागद वाया जातात. दर फर्म्याला दीडशे धरले तरी हजारावर कागद रद्दीत गेले. लहान कामात हा पाचवा हिस्सा होतो, मोठ्या कामात तो हिशेबातही येत नाही. म्हणून कोणताही मोठा वेब-ऑफसेटवाला मराठी माध्यमाचे काम वेगळे घ्यायला नाखूश असतो. गुजराती पुस्तकांच्या लाखांच्या ऑर्डरबरोबर ते शेपटासारखे आले तर घेतो. आणि शेपूट शेवटीच येते. यंत्रावर आधी मोठे काम चढते, उरलेल्या वेळात लहान.

यात कोणाचा दुष्टपणा नाही. खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यावर लेखापरीक्षणाची टांगती तलवार असते. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम दिले की त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. चार पैसे जास्त देऊन चांगले काम करून घेतले तर दहा वर्षांनीही खुलासा मागितला जातो. म्हणून निविदेत मोजता येतील अशाच गोष्टी लिहिल्या जातात: कागद किती जीएसएमचा, त्याचा शुभ्रपणा किती, मुखपृष्ठाचा पुठ्ठा कोणता, बांधणी पिनांची की गोंदाची, माल किती दिवसांत. हे सगळे लिहायलाच हवे. पण मजकूर ज्या भाषेत छापायचा, त्या भाषेच्या शुद्धतेबद्दल अशीच एखादी काटेकोर अट क्वचितच असते. कागद कमी वजनाचा निघाला तर माल परत जातो. दर पानावर दोन चुका निघाल्या तर पुस्तक वर्गात जाते.

आणि ते वर्षभर वर्गात राहते. तिसरीतल्या मुलाला पुस्तकातले अक्षर खोटे असू शकते ही कल्पनाच नसते.

छपाईत अक्षर मागे राहून जाण्याची गोष्ट सुरतेला नवी नाही. पश्चिम भारतातल्या छपाईच्या इतिहासाचे एक पान याच शहरात उघडते. ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेतला दलाल भीमजी पारेख याला १६७० च्या सुमारास आपले ग्रंथ छापून घेण्याची इच्छा झाली. सुरतेच्या वखारीने लंडनला लिहिले आणि १६७४ मध्ये कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठवला. वर्षाला पन्नास पौंड पगार, बरोबर छापयंत्र, रोमन टाइप आणि कागद. यंत्र आले, माणूस आला, कागद आला. पण हिल्सला छपाई येत होती, इथल्या लिपीचे खिळे कोरायला येत नव्हते. भीमजीने स्वतःच्या कारागिरांकडून अक्षरे पाडून घेण्याची धडपड केली, खर्च सोसला, तरी त्याच्या मनातले ग्रंथ काही छापून निघाले नाहीत. अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणकलेच्या इतिहासावर १९५८ मध्ये जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ही हकिकत येते, आणि ती वाचताना मन हळहळते. पुढे १७९७ मध्ये मुंबईत बेहरामजी जीजीभाई छापगर या पारशी कारागिराने ‘बॉम्बे कुरियर’साठी गुजराती अक्षरे पाडली. मधे सव्वाशे वर्षे गेली.

साडेतीनशे वर्षांपूर्वी जे घडले त्याचा आजच्या टेंडरशी संबंध आहे. सरकार यंत्र विकत घेते, कागद विकत घेते, वेळ विकत घेते. अक्षर विकत घ्यायचे राहून जाते.

मराठीचे अक्षर म्हणजे नेमके काय, हेही सांगायला हवे, कारण ‘देवनागरी तीच, हिंदीचा ऑपरेटर मराठीही लावेल’ असा समज सर्रास दिसतो. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा असतो आणि ‘आचाऱ्यांना’ जेवणाचे सांगायचे असते. फरक आहे तो एका अर्ध्या ‘र’चा. हिंदीच्या सवयीने जुळवणी केली, किंवा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना नीट पाहिले नाही, की हा ‘र’ हमखास बिघडतो. हिंदीला सरावलेला हात ‘ळ’च्या जागी ‘ल’ टाकून पुढे जातो. काळ्याचे काल्या होते, फळाचे फल होते. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने कशी काढायची हेही महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी देवनागरी लिपीबद्दलच्या शासन निर्णयात ठरवून दिले. पहिलीच्या मुलाने पाटीवर जे वळण गिरवले तेच पुस्तकात दिसायला हवे.

इथे लिंबायतच्या लहान छापखान्याचे पारडे जड होते, आणि कोणत्याही टेंडरात त्याला त्याचे गुण मिळत नाहीत. गुजराती भाषेतही ‘ळ’ आहे. सुरतेतल्या गुजराती जुळाऱ्याच्या कानात तो आवाज असतो. दूरच्या हिंदी मुलखातून मजकूर लावून घेतला तर तो नसतो. अर्धा ‘र’ गुजरातीत नाही, पण शेजारच्या गल्लीतला मराठी शिक्षक तो पाच मिनिटांत दाखवून देतो. लग्नपत्रिकेत मामाचे नाव चुकले तर गिऱ्हाईक संध्याकाळी दुकानात येऊन उभे राहते, हा धाक त्या छापखान्याला रोज असतो. चारशे-पाचशे कोसांवरच्या मोठ्या यंत्राला असा धाक कोण घालणार?

मराठी-गुजरातीचा हा शेजार जुना आहे. खुद्द सुरतेत मराठी व्याकरणकार राहून गेले आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते पुढे सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तिथेच १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. मराठीचा व्याकरणकार आणि गुजराती सुधारक एकाच खोलीत बसून काम करत होते, हे या शहराच्या स्वभावाला धरूनच झाले.

सरकारी खाते आणि खासगी छापखाना यांचे नाते कसे असावे, याचा नमुनाही गुजरातेतच सापडतो. बडोद्याला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा वाचायला शिकलेल्या माणसाला वाचायला काय द्यायचे हा प्रश्न पुढे आला. महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्याच्या व्याजातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ निघाल्या, मराठीत आणि गुजरातीत. प्रकाशन विद्याधिकारी कचेरीच्या भाषांतर शाखेचे. छपाई मात्र बडोद्यातल्या खासगी छापखान्यांची, त्यांत लुहाणामित्र स्टीम प्रिंटिंग प्रेसचे नाव पुष्कळ पुस्तकांवर दिसते. खात्याने भाषा सांभाळली, छापखान्याने छपाई सांभाळली, आणि दोघांची नावे पुस्तकावर आली. भाषांतर शाखा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मजकूर दोन्ही भाषांत नीट आहे की नाही हे पाहणारी माणसे खात्याच्या पगारावर होती. छापखान्याकडून कमी दरात भाषाही फुकट मिळावी, अशी अपेक्षा त्या दरबाराने ठेवली नाही.

आजच्या व्यवस्थेत लहान छापखान्याने सरकारी काम घ्यायचे ठरवले तर काय होते? आधी ऑनलाइन नोंदणी, डिजिटल सही, गुजरातेत एन-प्रोक्योर किंवा केंद्राचे जेम पोर्टल. मग अटी: गेल्या तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, बयाणा, काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत. तशाच सरकारी कामाचा अनुभव हवा, आणि पहिले सरकारी काम मिळाल्याशिवाय अनुभव येत नाही. हा फेरा कुठल्याही नव्या छापखान्याला दमवतो. काम मिळाले तर कागद स्वतःच्या पैशाने घ्यायचा, कागदवाल्याचे पैसे महिन्यात द्यायचे, आणि बिल या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत थांबायचे. माल उशिरा गेला तर दंड कापला जातो. पैसे उशिरा आले तर?

त्याचे उत्तर कायद्यात आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद मागायला प्रत्येक राज्यात सुविधा परिषद आहे, २०१७ मध्ये त्यासाठी ‘समाधान’ पोर्टलही निघाले. इतका कडक नियम असूनही लहान मुद्रक तक्रार करायला कचरतो, कारण पुढचे काम त्याच दारातून यायचे असते. ज्याला हक्क मागितल्यावर गिऱ्हाईक जाण्याची भीती आहे, त्याला नुसता हक्क देऊन भागत नाही. खात्याने आपणहून पंचेचाळीस दिवस पाळले पाहिजेत, आणि न पाळल्यास व्याज मागणी न करता बिलात जोडले पाहिजे.

भरीस भर कराची. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले. वहीसाठी लागणाऱ्या कागदावरचा कर शून्य झाला, आणि इतर बऱ्याच छपाईच्या कागदावरचा बारावरून अठरा टक्क्यांवर गेला. छापील पुस्तकावर कर नाही, त्यामुळे पुस्तक विकणाऱ्याला कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. कोरी वही स्वस्त व्हावी आणि छापलेले पुस्तक महाग पडावे, ही रचना शिकणाऱ्या मुलाच्या हिताची नाही. ती बदलली पाहिजे.

कागदाच्या अडचणीवर निदान एक इलाज पुण्यात वर्षानुवर्षे चालत आला आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली बालभारती कागद स्वतः खरेदी करते आणि छापखान्यांना पुरवते. छापखान्याने छपाई आणि बांधणी करायची. यात मुद्रकाचे भांडवल कागदात अडकत नाही आणि कागदाच्या दर्जाची चिंता खात्याच्याच हातात राहते. मराठी माध्यमाच्या लहान कामासाठी गुजरातने हे करायला काहीच हरकत नाही. महाराष्ट्रालाही यात शिकण्यासारखे आहे, कारण जतच्या कन्नड शाळा, सोलापूरच्या तेलुगू शाळा, उल्हासनगरच्या सिंधी शाळा यांचा प्रश्न लिंबायतच्या मराठी शाळेसारखाच आहे. थोड्या प्रती, शेवटचा नंबर. लिंबायतसाठी जे मागायचे ते जतसाठी देण्याची तयारी मराठी माणसाने ठेवली पाहिजे, नाही तर या मागणीला वजन येणार नाही.

‘सगळी पुस्तके पीडीएफमध्ये आहेत, छापण्याचा एवढा आग्रह कशाला?’ हा आक्षेप नेहमी येतो. लिंबायतमध्ये एकदा फिरून आले की तो गळून पडतो. लूमवर बारा तासांच्या पाळीला जाणारा बाप फोन बरोबर घेऊन जातो. पुस्तक घरी राहते, धाकट्या बहिणीलाही पुढच्या वर्षी मिळते. दुसरा आक्षेप असा की मराठी शाळांतली मुले कमी होत जातील, मग ही सोय कोणासाठी? घटनेचे ३५० अ हे कलम सांगते की भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात. ते कलम पटसंख्येची खालची मर्यादा घालत नाही. चांगले पुस्तक वेळेवर न मिळणे हेही मुले कमी होण्याचे एक कारण असू शकते, याचा विचार आक्षेप घेणाऱ्याने करावा.

शाळेबाहेरच्या छपाईचा मुद्दा तर जिवाचा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून निघाले. स्टेशनांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २०२५ च्या जूनमध्ये खाड्या तुंबून लिंबायतच्या मिठी खाडी परिसरात पाणी घरात शिरले. अशा वेळी पाणी उकळून प्या, अमुक शाळेत आसरा आहे, अमुक दवाखाना उघडा आहे, हे सांगणारा कागद त्या रात्रीच त्या गल्लीच्या भाषेत निघाला पाहिजे. त्यासाठी टेंडर काढायला वेळ नसतो. आधीपासून ठरलेल्या दराचा, ओळखीचा, हाकेच्या अंतरावरचा छापखाना असावा लागतो. फोनवर संदेश जातील हे खरे, पण वीज गेली की फोन किती वेळ चालतो हे पुरात अडकलेल्याला विचारावे.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने आखलेल्या सुरक्षा-योजनेत असे ठरलेले आहे की जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के वा अधिक असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. बेळगावचे मराठी भाषिक याच आधारावर वर्षानुवर्षे कागदपत्रे मागत आले आहेत. सुरतेत अशी भांडणाची वेळ येऊ नये, आणि येण्याचे कारणही नाही. इथे मराठी माणसाला राजकारणात जागा मिळाली आहे. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२ पासून सलग निवडून येत आहेत. ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात लिंबायत येते त्याचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. शहराची वृत्ती मोकळी आहे, शाळा सात भाषांत आहेत. राहिले आहे ते खरेदीच्या कागदात भाषेची एक ओळ घालणे.

ती घालायला कोणताही मोठा कायदा लागत नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कामांसाठी केवळ किमान दराऐवजी दर्जालाही तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. केंद्राच्या नियमांत सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाण्यातून सूट आहे, आणि केंद्रीय खरेदीचा पंचवीस टक्के वाटा त्यांच्यासाठी राखलेला आहे. हाच विचार राज्य मंडळाने आणि महापालिकेने लहान माध्यमांच्या छपाईला लावावा. मराठी, उडिया, तेलुगू माध्यमांची कामे गुजरातीच्या लाखांच्या ऑर्डरमधून वेगळी काढावीत. सातशे-आठशे प्रतींसाठी ऑफसेटची सक्ती नसावी. डिजिटल यंत्रावर प्लेटाच लागत नाहीत, त्यामुळे पन्नास प्रती कमी पडल्या तर पन्नासच काढता येतात. कागद मंडळाने पुरवावा. उलाढालीची अट कामाच्या आकाराइतकीच असावी. आणि दरपत्रकात मुद्रितशोधनाचा स्वतंत्र रकाना असावा, दर पानाला इतके असा, ज्यावर कोणी कमी-जास्त बोली लावू शकणार नाही. सुरतेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांना हे काम सन्मानाने आणि मोबदल्यासह द्यावे, आणि त्यांची सही झाल्याशिवाय प्लेट चढू नये.

वेळापत्रकही उलटे मोजायला हवे. शाळा जूनमध्ये उघडते, प्रवेशोत्सवात नव्या मुलांचे स्वागत होते. त्या दिवशी पुस्तक हातात हवे तर मे महिन्यात बांधणी, एप्रिलमध्ये छपाई, मार्चमध्ये दुसरे प्रूफ, फेब्रुवारीत पहिले. म्हणजे लहान माध्यमांची वर्क ऑर्डर जानेवारीच्या आत निघायला हवी, मोठ्या ऑर्डरच्या आधी.

आणखी एक छोटी गोष्ट. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यामुळे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि गाव छापणे बंधनकारक होते. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी आलेला नवा कायदा फक्त नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकावरचे ते बंधन गेले, तरी सरकारी पुस्तकाने ते स्वतःहून पाळावे, आणि बडोद्याच्या दरबाराहून एक पाऊल पुढे जावे. मराठी माध्यमाच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तीन ओळी असाव्यात: छापखान्याचे नाव, गाव लिंबायत, सुरत, आणि मजकूर तपासणाऱ्या शिक्षकाचे नाव. खाली संपर्काचा पत्ता, म्हणजे चूक सापडली तर मुलाने ती कुठे कळवायची ते त्याला ठाऊक असेल.